‘कुठल्या शाळेची?’ : नर्सिंगच्या एका निवडीचं प्रकरण

आमच्याकडे स्टाफ नर्सच्या जागा निघाल्या की अर्जांचा गठ्ठा आधी माझ्या टेबलावर येतो. नाशिकमधलं २२० खाटांचं खासगी रुग्णालय आहे आणि मी तिथे नर्सिंग सुपरिंटेंडंट आहे; जुने डॉक्टर अजून मेट्रनच म्हणतात. २०२२ च्या जूनमध्ये नऊ जागा होत्या, अर्ज साठाच्या वर आले होते. कोविडमध्ये दमलेल्या मुली एकामागून एक सोडून गेल्या होत्या, त्यामुळे घाई होती. अशा वेळी गठ्ठा लवकर उतरवायची माझी एक पद्धत होती. अर्जाच्या तिसऱ्या रकान्यात नर्सिंगच्या शाळेचं नाव असायचं. ते वाचायचं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने अ, ब किंवा क लिहायचं. जे.जे., केईएम, ससून, मिरजेचं मिशन हॉस्पिटल अशी नावं आली की ‘अ’. जिल्हा रुग्णालयं आणि बऱ्यापैकी चालणारी ट्रस्टची रुग्णालयं ‘ब’. जे नाव कधी ऐकलंच नाही ते ‘क’.

ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिच्या अर्जावर मी ‘क’ लिहिला होता. कळवणकडची मुलगी, तालुक्याच्या गावातल्या खासगी शाळेतून तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि त्यानंतर गावातल्याच २२ खाटांच्या नर्सिंग होममध्ये आठ महिने काम. अर्जात खोट काहीच नव्हती. तरी ‘क’ गठ्ठ्यातल्या मुलींना फोन जायचाच नाही, हे मला माहीत होतं आणि ते मीच ठरवलेलं होतं.

तिला फोन गेला तो ‘अ’मधल्या दोघी आल्या नाहीत म्हणून. एकीला सरकारी नोकरी लागली होती, दुसरी दुबईच्या तयारीला लागली होती. मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने ‘क’ गठ्ठा उपसला आणि नर्सिंग होममधला अनुभव बघून म्हणाली, “मॅडम, हिला बोलवू या. छोट्या ठिकाणी रात्रपाळी केलेली पोरगी आहे, निदान पळून जाणार नाही.”

पुढे काय झालं ते सांगण्याआधी, नावावर माझा एवढा भरवसा का होता ते सांगायला हवं, कारण तो अगदी निराधार नव्हता. नर्सिंग पुस्तकातून येत नाही, पेशंटच्या अंगाला हात लावून येतं. १८९४ मध्ये सुरू झालेलं मिरजेचं मिशन हॉस्पिटल असो की १९२६ मध्ये सुरू झालेलं केईएम, तिथे शिकणाऱ्या मुलीला पेशंट शोधावा लागत नाही. कॅज्युअल्टीत एका रात्रीत जेवढं दिसतं तेवढं काही शाळांत तीन वर्षांत दिसत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शाळेला किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं, खाटा सरासरी ७५ टक्के भरलेल्या असाव्यात, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत असं लिहिलेलं आहे. जिथे हे खरोखर आहे तिथून आलेली नवी मुलगी आमच्याकडे महिनाभरात एकटीने रात्रपाळी सांभाळते. जिथे ते कागदावरच आहे तिथल्या मुलीला तीन-चार महिने कुणाच्या तरी शेजारी उभं करावं लागतं. जिच्या शेजारी उभं करायचं ती सिनिअर तिचे स्वतःचे आठ पेशंट बघत असते. शाळेच्या नावाला रुग्णालय किंमत देतं ती या महिन्यांची. इमारत, गणवेश, दीपप्रज्वलनाचे फोटो यांच्याशी त्याचा संबंध नाही.

मुलाखत शनिवारी होती. आम्ही नुसते प्रश्न विचारत नाही. लेखी तीस गुण, मग थेट वॉर्ड. लेखीत नेहमीचाच हिशेब होता: ५०० मिली सलाईन आठ तासांत द्यायचं आहे, सेट एका मिलीला २० थेंबांचा, मिनिटाला किती थेंब? साधारण २१ येतात. निम्म्या मुलींचं चुकतं आणि त्यात ‘अ’वाल्याही असतात. हिचं बरोबर आलं. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या शाळेतून आलेल्या मुलीचंही बरोबर आलं. या दोघींवरच पुढे आमची चर्चा अडली, म्हणून तिचाही उल्लेख करते आहे.

वॉर्डात दिंडोरीकडचे एक आजोबा होते, न्यूमोनिया, वय सत्तरच्या आसपास. त्यांची परवानगी घेऊन प्रत्येक मुलीला टीपीआर-बीपी, म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब, घ्यायला सांगितलं. इन्चार्ज सिस्टरने थोडं आधी श्वास मोजून ठेवले होते, मिनिटाला २८. नर्सिंगमधल्या कुणालाही विचारा, सर्वांत जास्त खोटं लिहिला जाणारा आकडा हाच. ताप थर्मामीटर सांगतो, बीपी मशिन सांगतं, ऑक्सिजन बोटावरचं यंत्र सांगतं. श्वास मात्र मिनिटभर उभं राहून मोजावे लागतात. म्हणून चार्टवर सगळीकडे १८, २०, २० असं दिसतं. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी वाढतो तो हाच आकडा.

त्या दिवशीही तसंच झालं. एकीने १८ लिहिले, दोघींनी २०. मुंबईच्या मुलीने सगळं झटपट, हात सफाईदार, आणि श्वास २०. कळवणची मुलगी आली. तिने नाडी मोजली आणि मोजून झाल्यावरही बोटं मनगटावरून काढली नाहीत. मला वाटलं अडखळली. मग तिची नजर बघितली. ती आजोबांच्या छातीकडे बघत होती. आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो, म्हणून हात नाडीवरच ठेवून मोजायचे. हे शिकवतात सगळ्यांना, करताना दिसत नाही कुणी. पूर्ण मिनिटभर उभी राहिली. २८ लिहिले. मग कुणी सांगितलेलं नसताना म्हणाली, “आजोबा, जरा टेकून बसता का? बरं वाटेल,” आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली.

मी विचारलं, हे शाळेत शिकलीस? म्हणाली, “नाही मॅडम. नर्सिंग होममध्ये रात्री मॉनिटर नसायचा, डॉक्टर घरी. फोन कधी करायचा ते मलाच ठरवायला लागायचं. उगाच केला की ओरडायचे, नाही केला तर पेशंट जायचा.”

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की शाळेचं नाव म्हणजे फुकाचा बोभाटा. पुढची पायरी क्रॅश कार्टची होती, म्हणजे हृदय थांबल्यावर लागणाऱ्या साधनांच्या गाडीची. मुंबईच्या मुलीने घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचं पातं बसवून दिवा लागतो का ते आधी तपासलं, हाताने श्वास द्यायची अम्बू बॅग जोडली, अॅड्रेनॅलिन कुठल्या खणात असायला हवं ते न बघता सांगितलं. छातीवर दाब देताना खोली आणि वेग दोन्ही बरोबर. तिने ते खऱ्या माणसांवर केलेलं होतं, आणि केलेलं दिसतं. कळवणच्या मुलीने लॅरिंगोस्कोप हातात घेतला, पातं उलटं धरलं, मग खाली ठेवला. “मॅडम, हे चित्रात पाहिलंय.” औषध ठरावीक वेगाने सोडणारा सिरिंज पंपही तिने कधी चालवलेला नव्हता. तिने थापा मारल्या नाहीत हे मला आवडलं. पण रात्री दोन वाजता आयसीयूत पेशंटचं हृदय थांबलं तर माझ्या आवडण्याचा त्याला काय उपयोग?

पॅनेलमध्ये आम्ही चौघे होतो. एचआरचं म्हणणं सरळ होतं: शाळा अनोळखी, वेळ कशाला घालवायचा. मेडिकल वॉर्डची सिस्टर हट्टाला पेटली होती. मी त्या दिवशी मधला मार्ग काढला आणि तो अजून टोचतो. मुंबईच्या मुलीला आयसीयूत वीस हजारांवर घेतलं, हिला मेडिकल वॉर्डात सोळा हजारांवर. आयसीयू आणि वॉर्डातला फरक मला मान्य आहे. एकीला व्हेंटिलेटरजवळ ठेवता येत होतं, दुसरीला नाही. पण चार हजारांतले किती आयसीयूचे आणि किती तिसऱ्या रकान्याचे, याचा हिशेब मी तेव्हा मागितला नाही. वीस हजारांचाही बडेजाव नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला किमान २० हजार द्यावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली होती. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं. म्हणजे नावाजलेल्या शाळेतून आलेल्या मुलीलाही आम्ही शिफारशीच्या कितीतरी खाली ठेवलं होतं. नावाने तिला फक्त रांगेत पुढे उभं केलं.

पुढचे चार महिने कळवणची मुलगी शिकत होती आणि तिला शिकवायचा भार वॉर्डातल्या दोन सिनिअर मुलींवर पडला. सिरिंज पंप, मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची (सेंट्रल लाइनची) काळजी, रक्त चढवतानाची तपासणी, सगळं पहिल्यापासून. पाळी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देताना, म्हणजे ओव्हर देताना, सुरुवातीला ती गडबडून जायची, कारण तिच्या नर्सिंग होममध्ये ओव्हर द्यायला समोर कुणी नसायचंच. एकदा डबा खाताना तिनेच शाळेतलं सांगितलं. बोर्डावर १०० खाटा, आत पंचवीसेक पेशंट. तपासणीच्या दिवशी ज्युनिअर मुलींना साड्या नेसवून खाटांवर झोपवायचे. “पहिल्या वर्षी मी अपेंडिक्सचं पेशंट होते मॅडम, दुसऱ्या वर्षी बाळंतीण.” ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. घरच्यांनी शेतावर कर्ज काढून तिची फी भरली होती.

अशा शाळा एकट्यादुकट्या नाहीत. शेजारच्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने सीबीआयला कॉलेजं तपासायला लावली आणि मे २०२४ मध्ये त्या तपासणीत अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. परीक्षा रखडल्या, मुलींची वर्षं गेली. त्या बातमीनंतर आमच्या एचआरने मध्य प्रदेशातून शिकलेल्या मुलींचे अर्ज सरसकट बाजूला ठेवायला सुरुवात केली. चांगल्या सरकारी कॉलेजातल्याही त्यात आल्या. शाळेचं नाव बुडालं की त्यात प्रामाणिकपणे शिकलेली मुलगीही बुडते, आणि तिला तेव्हा सतरा-अठराव्या वर्षी प्रवेश घेताना यातलं काही ठाऊक असण्याची शक्यता नसते. त्या अर्जांचा गठ्ठा मी परत मागून घेतला, यासाठी एचआरशी वाजलं, आणि अजूनही अधूनमधून वाजतं.

आता सरकारी दाराचं सांगते, कारण तिथे गणित वेगळं आहे. एम्ससाठी नॉरसेट नावाची सामाईक परीक्षा २०२० पासून होते. लेव्हल ७ चा पगार, मूळ ४४,९००. तिथे शाळा मान्यताप्राप्त लागते आणि नोंदणी लागते; मग ती मुंबईची की कळवणची, हे गुणवत्ता यादी विचारत नाही. पण जीएनएमवाल्यांना एक अट आहे: किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना ती नाही. कळवणच्या मुलीने अर्ज भरायला घेतला तेव्हा तिच्या लक्षात आलं की नर्सिंग होममधले आठ महिने, जिथे ती सगळ्यांत जास्त शिकली, ते मोजलेच जाणार नाहीत. २२ खाटा. ती माझ्या केबिनमध्ये येऊन बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मी सांगितलं, अगं, आमच्याकडची दोन वर्षं भरू दे. भरली, २०२४ च्या मध्यावर.

म्हणजे बघा, शाळेच्या नावाने तिला सरकारी परीक्षेत अडवलं नाही. पण त्याच नावामुळे मोठं रुग्णालय उशिरा मिळालं असतं तर अनुभवाच्या अटीने अडवलं असतं. माझ्या पेन्सिलीच्या ‘क’चा परिणाम इतक्या लांबवर गेला असता, हे मला तो अर्ज तिच्याबरोबर वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

नॉरसेट तिला पहिल्या खेपेला जमली नाही. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात आणि ती अंदाजाने सोडवत गेली. त्याच सुमारास तिच्या मावसबहिणीने आखाताचा नाद लावला. तिथेही ‘शाळा मोठी की छोटी’ असं कुणी विचारलं नाही, परवाना परीक्षा सगळ्यांना सारखीच. पण कागदपत्रांची पडताळणी मूळ ठिकाणाहून होते. नोंदणीचं उत्तर गेलं, आमच्या अनुभवपत्राचंही गेलं. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी मेलला उत्तरच दिलं नाही आणि तो भाग लटकला. अमेरिकेचा विचार करणाऱ्या मुलींना तर शाळेकडून थेट ट्रान्सक्रिप्ट पाठवावी लागते, कुठल्या विषयाचे किती तास वर्गात आणि किती वॉर्डात, सगळं. शाळा बंद पडली असेल, ऑफिसात क्लार्क टिकत नसेल तर मुलगी कितीही हुशार असो, फाइल हलत नाही. ओळखीच्या मुली प्रवेश घेताना विचारायला येतात तेव्हा मी हे आवर्जून सांगते: शाळेचं नाव किती मोठं ते नंतर बघा, दहा वर्षांनी तुमच्या पत्राला उत्तर देणारं कुणी तिथे असेल का ते आधी बघा. आणि रुग्णालयात संध्याकाळी सातला जाऊन या, कुणाला न सांगता. किती खाटांवर माणसं आहेत ते मोजा.

२०२५ च्या सुरुवातीला तिला सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून नेमणूक मिळाली. निघताना तिने वॉर्डात सगळ्यांना पेढे वाटले. मुंबईची मुलगी त्याआधीच पुण्याला मोठ्या रुग्णालयात गेली होती. तिथे तिच्या शाळेचं नाव बघून बोलावलं आणि आमच्या आयसीयूतल्या दोन वर्षांवर घेतलं, असं तिनेच फोनवर सांगितलं. दोघींनाही जे मिळालं ते योग्यच मिळालं. एकीला उशिरा मिळालं, एवढंच, आणि त्या उशिरात माझा हात होता.

आता अर्जाच्या नमुन्यात मी बदल करून घेतला आहे. शाळेचं नाव शेवटच्या पानावर गेलं. पहिल्या पानावर विचारतो: शिकत असताना ज्या वॉर्डात काम केलं तिथे किती पेशंट असायचे, रात्रपाळ्या किती केल्या, स्वतः काय काय केलं आणि फक्त काय पाहिलं. केसबुकाची, म्हणजे शिकताना केलेल्या कामाच्या नोंदवहीची, मूळ प्रत घेऊन या असं फोनवरच सांगतो. एचआरला हे फार आवडलेलं नाही, वेळ जातो म्हणतात. जातोच. साठ केसबुकं वाचायला मला तीन रात्री लागल्या.

या जूनमध्ये कळवणच्या मुलीच्याच शाळेतून दोघी आल्या. ताईचं नाव सांगून आल्या होत्या, खूप आशेने. मी दोघींची केसबुकं शेजारी ठेवून प्रसूतींच्या नोंदी वाचायला लागले. तिसऱ्या नोंदीवर थांबले. दोन्हीकडे एकच बाई, एकच तारीख, एकच वेळ, पहाटे ४ वाजून १० मिनिटं, आणि दोन्हीकडे ‘स्वतः केलेली प्रसूती’ असं लिहून खाली सही. मी विचारलं, बाळ हातात कुणी घेतलं? दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग धाकटी वाटणारी हळूच म्हणाली, “डॉक्टरांनी, मॅडम. आम्ही सोळा जणी होतो. आम्ही दोघी दारापाशी होतो, आम्हाला फक्त रडणं ऐकू आलं.”